हिरड्या वाचवायच्या तर पोटही सांभाळा

हिरड्यांतून रक्त येणं हा आजार आहे, हेच आपल्याकडे मानलं जात नाही. दात घासताना थुंकीत लाल दिसलं तर ब्रश लागला असेल म्हणायचं, तोंडाला वास आला तर उष्णता झाली म्हणायचं आणि पुढे जायचं. मी मेहकरला दातांचा दवाखाना चालवते. डोणगाव, जानेफळ, हिवरा आश्रम, सुलतानपूर, लोणार अशा गावांहून माझ्याकडे माणसं येतात. त्यातली बहुतेक दात हलायला लागल्यावर येतात. तोवर दाताभोवतीचं हाड झिजून गेलेलं असतं. गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. उरलेलं टिकवणं एवढंच आमच्या हाती राहतं.

ही माणसं येताना सोबत गोळ्यांची पिशवी आणतात. तिच्यात एक अँटिबायोटिक असतं, एक दुखण्याची गोळी असते आणि एक गॅसची. "मेडिकलमधून घेतल्या मॅडम, दोन दिवस बरं वाटलं, मग परत सुरू झालं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पिशवी उघडण्याआधीच आत काय असेल ते मला कळतं. मला आज या पिशवीबद्दल लिहायचं आहे. हिरड्यांच्या आजारावर गेल्या काही वर्षांत झालेलं संशोधन आतड्यांपर्यंत पोहोचलं आहे. ते वाचलं की माझी खात्री पटते: ही पिशवी हिरडी बरी करत नाही, वर आतडं बिघडवते, आणि बिघडलेलं आतडं पुन्हा हिरडीच्या मुळावर उठतं.

मुळापासून सांगते. दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो आणि त्याचं किटण बनतं. 1965 साली संशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये 12 निरोगी तरुणांना दात साफ करणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. दातांवरचा थर हे हिरड्या सुजण्याचं कारण आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं आणि त्यात आजही बदल नाही. म्हणून या लेखातलं पुढचं काहीही वाचून कोणी ब्रश बाजूला ठेवू नये.

पण याच लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर 480 पुरुष कामगारांचा 1970 पासून पंधरा वर्षं मागोवा घेतला. या कामगारांना दात घासण्याची सवय नव्हती. सगळ्यांच्या दातांवर थर होता, किटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही 1986 मध्ये निष्कर्ष आले ते असे: सुमारे 8 टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला आणि दात गेले, 81 टक्क्यांत तो बेताने वाढला आणि 11 टक्क्यांत हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. मळा तोच, काम तेच, तोंडातली घाणही सारखीच, पण हाडाचं नुकसान मात्र वेगवेगळं झालं.

याचा अर्थ असा की जिवाणू आजाराची सुरुवात करतात, पण हाड किती झिजणार हे बऱ्याच अंशी आपलं शरीर त्या जिवाणूंना कसं उत्तर देतं त्यावर ठरतं. प्रतिकारशक्तीच्या पेशी जिवाणूंवर तुटून पडतात, आणि हा मारा आवरला नाही की आपलंच हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. हा मारा कोणात जास्त, कोणात कमी? आनुवंशिकता आहे, तंबाखू आहे, शुगर आहे. आणि आता आतड्यातले जिवाणूही या यादीत आले आहेत.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला पचत नाही तो चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे तंतू, ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. अस्तर धड राहिलं तर जिवाणूंचे विषारी अंश रक्तात उतरत नाहीत आणि प्रतिकारशक्ती शांत राहते. चोथा कमी झाला, किंवा औषधांनी उपयोगी जिवाणू मारले गेले, की तोल जातो. अस्तर पातळ होतं, विषारी अंश रक्तात झिरपतात, आणि शरीरभरच्या प्रतिकारपेशी आधीच चिडलेल्या अवस्थेत राहतात. अशा माणसाच्या हिरडीवर इतरांइतकाच थर असला तरी तिथे दाह अधिक होऊ शकतो.

तोल जाणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या लोकांना मी लोणारच्या उदाहरणानं सांगते. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मेहकरहून कितीतरी जण ते पाहायला गेले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. बाहेरून काही येऊन पडलेलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वरचढ झाले, त्यांचाच तो रंग होता. पावसाचं पाणी आल्यावर रंग ओसरला. आतड्यातही असंच होतं. परिस्थिती बदलली की वरचढ कोण ते बदलतं, आणि परिस्थिती सुधारली तर तोल परतही येऊ शकतो.

हिरडी आणि आतडं यांचा हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. आपण दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ गिळतो. हिरड्या सडलेल्या असतील तर त्या लाळेबरोबर रोगट जिवाणूही पोटात जातात. जपानच्या नीगाता विद्यापीठात 2014 मध्ये उंदरांना हिरड्यांच्या आजारातला प्रमुख जिवाणू, पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, तोंडावाटे दिला गेला. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची रचना बदलली आणि रक्तात विषारी अंश वाढले. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं उंदरांतच दाखवून दिलं की सुजलेल्या हिरड्यांतले जिवाणू आणि तिथे तयार झालेल्या प्रतिकारपेशी असे दोन्ही आतड्यापर्यंत पोहोचतात आणि तिथला दाह वाढवतात.

उलट दिशेचा पुरावा 2021 मध्ये पुन्हा नीगाताहूनच आला. चरबीयुक्त खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू साध्या खाण्यावरच्या उंदरांच्या पोटात घातले गेले. मग दाताभोवती धागा बांधून हिरडीचा आजार निर्माण केला. ज्यांना लठ्ठ उंदरांचे जिवाणू मिळाले होते त्यांच्या जबड्याचं हाड अधिक झिजलं, आणि त्यांच्या रक्तातलं युरिक आम्लही वाढलेलं आढळलं. तोंडात केलेला बदल सारखाच होता. फरक फक्त पोटात होता.

हे उंदरांवरचे प्रयोग आहेत हे मी विसरत नाही. पण माणसांतही याला जुळणाऱ्या गोष्टी दिसल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये दहा जणांना चार आठवडे अश्मयुगातल्या माणसासारखं ठेवलं होतं. टूथब्रश नाही, साखर नाही. भरड धान्य, रानभाज्या, कंदमुळं, दूध, थोडं मांस, मध. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपेक्षेप्रमाणे दातांवरचा थर वाढला होता. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या जागा मात्र सुमारे 35 टक्क्यांवरून 13 टक्क्यांच्या आसपास आल्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे 2016 मध्ये साखर-मैदा कमी आणि चोथा, क जीवनसत्त्व, ओमेगा-3 जास्त असा आहार चार आठवडे दिला, दात घासण्याची पद्धत बदलली नाही, तरी हिरड्यांचा दाह जवळजवळ निम्म्यावर आला. दोन्ही अभ्यासांत माणसं मोजकी होती, आणि दोन्हींत आहाराचा परिणाम तोंडात थेट किती आणि आतड्यामार्फत किती हे वेगळं केलेलं नव्हतं. दिशा मात्र एकच आहे.

आपल्या ताटाकडे बघू. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 2016 मध्ये त्यांनी मांडलं की भारतीय पोटात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट ठळकपणे जास्त आढळतात. प्रिव्होटेला वनस्पतींचा चोथा फोडण्यात तरबेज आहे. पिढ्यान् पिढ्या भाकरी, डाळी, पालेभाज्या खाऊन घडलेलं हे पोट आहे. निसर्गाची गंमत अशी की याच प्रिव्होटेलाच्या कुळातली काही भावंडं हिरडीच्या खोल फटीत राहून हाड झिजायला मदत करतात. ब्युटिरेटचंही तसंच. आतड्यात ते अस्तराला पोसतं, पण हिरडीच्या फटीत साचलं तर तिथल्या पेशींना मारक ठरतं. म्हणून "चांगले जंतू, वाईट जंतू" असं सरसकट सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. कोण कुठे आहे आणि किती आहे, यावर सगळं ठरतं.

मेहकर तालुक्यात सोयाबीन आलं आणि शिवारातली ज्वारी मागे पडली. घरात ज्वारी नाही तर भाकरी नाही, हे साधं गणित आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यानुसार ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात 3 ग्रॅमहून कमी. न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही ज्वारीइतकाच चोथा असतो, तेव्हा पोळीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सकाळच्या चहात बुडवलेल्या बिस्किटांशी, टोस्टशी, शाळेच्या वाटेवर घेतलेल्या पाच रुपयांच्या पाकिटाशी, आणि कोंडा चाळून फेकून देण्याच्या सवयीशी. हे पदार्थ दोनदा घात करतात. दाताला चिकटून तोंडातल्या जिवाणूंना पोसतात आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना उपाशी ठेवतात. आपल्या आज्या ताकाबरोबर भाकर, अंबाडीची भाजी, उडदाचं वरण खात. त्यांचे दात सर्वांचेच शाबूत होते असं मी म्हणत नाही. मिसरीनं अनेकींचे गेले. पण त्या जेवणात आतड्याला हवं ते होतं.

आता पिशवीतल्या गोळ्यांकडे वळते. हिरडीखालचा जिवाणूंचा थर चिकट, जाड आणि एकमेकांना धरून असतो. अँटिबायोटिक त्यात नीट शिरतच नाही. थर आणि किटण हातानं किंवा यंत्रानं काढल्याशिवाय आजार थांबत नाही. गोळीनं वरवरची सूज दोन दिवस उतरते आणि रुग्णाला वाटतं बरं झालं. त्या दोन दिवसांत गोळी आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंवर मात्र पूर्ण मारा करते. अर्धवट कोर्समुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात हा धोका वेगळाच. चेहऱ्यावर सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेना, तर अँटिबायोटिक लागतं आणि तातडीनं लागतं. नुसतं रक्त येतं, वास येतो, दात शिवशिवतो, यासाठी ते नाही. औषधाच्या पट्टीवर लाल रेघ असते ती याचसाठी, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये आणि घेऊ नये. आमच्या व्यवसायातही किटण काढायला अर्धा तास देण्याऐवजी चिठ्ठी लिहून मोकळं होण्याची सवय आहे. तीही थांबली पाहिजे.

गॅसच्या गोळीकडे तर कोणी औषध म्हणून बघतच नाही. आमच्याकडे उशाशी पाण्याचा तांब्या असतो तशी ती पट्टी असते. रिकाम्या पोटी एक, वर्षानुवर्षं. जठरातलं आम्ल हे गिळलेल्या जिवाणूंना मारणारं पहिलं नाकं आहे. ते आम्ल सतत दाबलं की तोंडातले जिवाणू जिवंत खाली उतरतात. नेदरलँड्समध्ये 2016 मध्ये 1815 लोकांच्या विष्ठेची तपासणी झाली. पँटोप्रॅझोलच्या जातीची आम्ल दाबणारी औषधं घेणाऱ्यांच्या आतड्यात तोंडातले जिवाणू अधिक सापडले. ज्याच्या हिरड्या सडलेल्या आहेत त्यानं ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काय होत असेल, याचा विचार करा. जठरात व्रण असेल, रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर डॉक्टरांनी दिली असेल, तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केली हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. पोटाशी संबंध आहे म्हणून महागड्या प्रोबायोटिकच्या पुड्या घेऊन हिरड्या बऱ्या होत नाहीत. हिरड्यांच्या आजाराचा पहिला उपचार आजही दात साफ करणं हाच आहे. "मॅडम, साफ केले की दात हलतात," ही भीती मी रोज ऐकते. दात हाड झिजल्यामुळे हलत असतात. किटणानं ते एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून हलणं जाणवत नाही. किटण काढल्यावर खरी स्थिती दिसते आणि हिरडीला परत घट्ट बसायची संधी मिळते. या उपचाराचा फायदा तोंडापुरता नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2022 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार मधुमेही रुग्णाच्या हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत त्याची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे 0.43 अंकांनी उतरते. हा फायदा लहान नाही, आणि तो माणसांवर तपासलेला आहे.

तंबाखूचं एक सांगितलंच पाहिजे. पुडी खाणाऱ्या, मिसरी लावणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्या हिरड्यांतून तर रक्त येत नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त दिसत नाही. आत हाड झिजतच असतं. दात घासण्याच्या उत्पादनांत तंबाखू वापरण्यावर देशात 1992 पासून बंदी आहे, गुटख्यावर राज्यात 2012 पासून. तरी दोन्ही गोष्टी घरात आणि खिशात सापडतात.

मग करायचं काय? माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दात काढण्याबरोबर किटण काढण्याचं काम ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला व्हावं आणि त्याचा दिवस गावोगाव माहीत असावा. मेहकरच्या शेतमजुरानं यासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची वाट धरावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिशीवरच्या लोकांची रक्तदाब, शुगर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आरोग्य कर्मचारी करतातच. तोंड उघडून बघणारच आहात, तर हिरड्याही बघा आणि रक्त येत असेल तर त्याची नोंद करा. शुगरच्या प्रत्येक रुग्णाला डोळे आणि पाय तपासायला सांगतो तसं दात तपासायला सांगा. औषध दुकानदारांनी दातदुखीला अँटिबायोटिक सुटं देणं बंद करावं. ते कायद्यानंही बंधनकारक आहे. आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचंही नाव लिहिलेलं आहे. आमच्या भागात ज्वारी पिकू शकते. ती सरकारनं रास्त भावानं विकत घ्यावी आणि रेशनवर नियमित द्यावी. शेतकऱ्याला ती पेरायला कारण मिळेल आणि ताटात भाकरी परत येईल.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच आहे. उद्या सकाळी दात घासल्यावर थुंकी बघा. लाल दिसलं तर मेडिकलची पायरी न चढता दातांच्या डॉक्टरकडे जा आणि किटण काढून घ्या. रात्री झोपताना दुसऱ्यांदा ब्रश करा. पिठाचा कोंडा फेकू नका, जेवणात भाकरी, डाळ आणि पालेभाजी रोज असू द्या. घरातली गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांसमोर उलटी करून प्रत्येक गोळी का चालू आहे ते विचारा. दात हलायची वाट पाहू नका.